मूठ बदलली, केबल राहिली



मागच्या वेळी मी पिठाच्या मर्यादेवर लिहिलं होतं. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. त्यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी आपापल्या घरची पद्धत कळवली, छान वाटलं. आजचा विषय स्वयंपाकघराबाहेरचा आहे, पण फार लांबचा नाही. अंगणात उभ्या असलेल्या गाडीचा आहे, आणि त्यातही गाडीच्या हँडब्रेकच्या हँडलचा. "आता हे काय काढलं काकूंनी?" असं म्हणाल. पण वाचा. कारण हे हँडल निवडताना माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती चूक करताना मी स्वतःवर फार खूश होते.

आमची गाडी छोटी, बारा वर्षांची. मी गाडी शिकले तीच अठ्ठावन्नाव्या वर्षी, यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा. मंदिर, मोंढा, दवाखाना आणि वर्षातून दोन-तीनदा कुंथलगिरी, एवढंच माझं ड्रायव्हिंग. दोन सीटच्या मध्ये जो हँडब्रेक असतो, त्याच्या मुठीचं प्लास्टिक उन्हाने तडकलं होतं. हाताला चिकट लागायचं. टोकाचं बटण आत दाबताना अंगठा दुखायचा. माझ्या डाव्या अंगठ्याच्या सांध्याची झीज झाली आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. गाडीत हँडब्रेक डाव्याच हाताला येतो. म्हणून ठरवलं, नवीन हँडल घ्यायचं.

लेकाने पुण्याहून मोबाइलवर चार-पाच फोटो पाठवले. "आई, तुला आवडेल ते सांग, मी मागवतो." मला वाटलं होतं एक-दोन प्रकार असतील. इथे तर बांगड्यांच्या दुकानासारखी गत. चामड्याचं शिवलेलं कव्हर. काळ्या चकचकीत जाळीचं, चिकटवायचं कव्हर. सिलिकॉनचा मऊ मोजा. अ‍ॅल्युमिनियमची अख्खी मूठ. आणि लाल रंगाचं एक बटण, ज्यावर ड्रिफ्ट असं काहीतरी लिहिलेलं. घरात तीन आठवडे चर्चा चालली. यांचं म्हणणं, सर्वांत स्वस्त घ्या. सूनबाईचं म्हणणं, सीट कव्हर करड्या रंगाचे आहेत तर तेही करडंच घ्या. माझा मुद्दा एकच होता, चामडं नको.

त्यातल्या एका कव्हरखाली लिहिलं होतं, "जेन्युइन लेदर फील". मी बी.कॉम. आहे, तेही आपल्या मराठवाडा विद्यापीठाचं, नामविस्ताराच्या आधीचं. जमाखर्चात एक शब्द इकडचा तिकडे झाला की ताळेबंद जुळत नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. या तीन शब्दांतला शेवटचा शब्द काढला तर अर्थ पार बदलतो. मी लेकाला विक्रेत्याला विचारायला लावलं की खरं चामडं आहे की नाही. उत्तर गोलमाल आलं. मी ते नाकारलं. शेवटी ज्यावर साफ "कृत्रिम" असं लिहिलेलं होतं, ते करड्या रंगाचं रेक्झिनसारखं कव्हर घेतलं. तीनशे एकोणपन्नास रुपये. जुनी मूठ पुसून त्यावर ते बसवलं, आतून दोऱ्याने घट्ट आवळलं.

पुढच्या रविवारी स्वाध्यायाला मी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. लेबल कसं वाचायचं, कुठे फसवतात, हे सगळं. एक ताई म्हणाल्या, "तुमचं लक्ष फार बारीक आहे हो." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. शिवाय नव्या मुठीने ब्रेक ओढायला एकदम हलका झाला होता. पूर्वी जोर लावावा लागायचा, आता अलगद वर यायचा. मला वाटलं, कव्हरचीच करामत.

आठव्या दिवशी दुपारी मोंढ्यातून परत आले. आमच्या फाटकापुढे उतार आहे. अंगण वर, रस्ता खाली. नेहमीप्रमाणे गाडी चढावर उभी केली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. इंजिन चालूच ठेवून फाटक उघडायला उतरले. कडीला हात घातला आणि मागे खडीवर चाक फिरल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर गाडी मागे निघाली होती. जोरात नाही, चालत्या माणसाच्या गतीने, कोणी घाई न करता निघावं तशी. मी कडी धरून नुसती उभी राहिले. ओरडायलाही सुचलं नाही. रस्ता ओलांडून ती समोरच्यांच्या ओट्याला टेकली आणि थांबली. जास्वंदीची कुंडी फुटली, मागचा बंपर आत गेला. बाकी काही नाही.

बाकी काही नाही, हे लिहायला सोपं आहे. त्याच रस्त्यावर शेजारची मुलं रोज दुपारी क्रिकेट खेळतात, आणि समोरच्यांचा ओटा हाच त्यांचा स्टंप. त्या दिवशी पाचच मिनिटांपूर्वी त्यांना जेवायला हाका मारल्या होत्या. त्यातला सगळ्यांत धाकटा सहा वर्षांचा आहे. तो किपर असतो, म्हणजे ओट्याला अगदी टेकून उभा असतो. मी त्या दिवशी जेवले नाही.

संध्याकाळी मिस्त्री आले. त्यांनी हँडब्रेक ओढून आवाज मोजले, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "काकू, मूठ झकास बसवलीय. पण केबल गेलीय ना. आणि मागचे ब्रेक शू पार घासलेत." मग जे कळलं त्याने मला जास्त लाज वाटली. ब्रेक हलका झाला होता तो कव्हरमुळे नव्हे. केबल सैल पडली होती, म्हणून ओढायला जोर लागत नव्हता. गाडी मला सांगत होती आणि मी ते स्वतःच्या निवडीचं कौतुक समजत होते.

आता थोडं यंत्र समजून घेऊ, कारण ते समजलं की निवड आपोआप सोपी होते. हँडब्रेक म्हणजे एक दांडा. दांड्याच्या बुडाशी दातेरी पट्टी असते आणि त्या दातात अडकणारा एक छोटा खटका. आपण दांडा वर ओढतो तेव्हा टक्-टक् आवाज येतो, तो खटका एकेका दातावर चढण्याचा. मुठीच्या टोकाचं बटण आतल्या सळईने हा खटका उचलतं, म्हणून बटण दाबल्यावरच दांडा खाली जातो. दांड्यापासून केबल निघते, गाडीखालून मागच्या चाकांपर्यंत जाते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात. केबल ताणली की ड्रमच्या आतले शू फाकतात, ड्रमला आतून चिकटतात आणि चाक धरून ठेवतात. म्हणजे गाडी थांबवून धरतात ते शू, त्यांना ओढते ती केबल, आणि ताण टिकवतो तो खटका. मुठीचं काम फक्त आपल्या हाताला जागा देण्याचं. आम्ही तीन आठवडे चर्चा केली ती मुठीची.

आणि तो लाल दिवा? त्याचं बटण दांड्याच्या बुडाशी असतं. दांडा वर आला की तो लागतो, बस्स. चाक खरोखर धरलं आहे का, हे त्याला कळत नाही. (ब्रेक ऑइल कमी झालं तरी बऱ्याच गाड्यांत तोच दिवा लागतो, तेवढं लक्षात ठेवा.) मी दिवा पाहून निश्चिंत झाले होते. पूजेच्या खोलीत दिवा लागला म्हणून पूजा झाली असं आपण म्हणतो का?

माझे सासरे कापसाच्या व्यापारात होते, त्यांच्याकडे जुनी जीप होती. तिचा हँडब्रेक डॅशबोर्डखाली, छत्रीच्या मुठीसारखा, ओढायचा. त्यावर कोणाचाच विश्वास नसे. घाटात जीप थांबली की पोऱ्या आधी उडी मारून चाकामागे दगड लावी. आणि निघताना तो दगड उचलून रस्त्याच्या कडेला ठेवल्याशिवाय सासरे जीप हलवू देत नसत. रात्री मागून येणाऱ्या सायकलवाल्याचं काय होईल, असं विचारत. दगड लावण्याची सावधगिरी पुष्कळांकडे होती. दगड उचलण्याची यांच्याकडे होती. पुढे गाड्या सुधारल्या, दोन सीटच्या मध्ये सुबक दांडा आला, दगड गेला. त्याबरोबर ती नजरही गेली असं मला आता वाटतं.

आपल्याकडे हिंसेची व्याख्याच प्रमादाशी जोडलेली आहे. तत्त्वार्थसूत्र वाचलेल्या प्रत्येकीला हे माहीत आहे. जीव गेला की नाही, एवढ्यावर थांबत नाहीत. बेफिकिरी होती का, हेही विचारतात. आणि पाच समित्यांमध्ये एक आदान-निक्षेपण समिती आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना नीट पाहून, जपून ठेवायची. ती मुनींसाठी सांगितली असली तरी आपण घागर ठेवताना, पाट मांडताना, चूल पेटवताना तिचा अंश पाळतोच. मग आठशे किलोची गाडी आपण रस्त्यावर ठेवतो, तेव्हा ते निक्षेपण नाही का? माझ्याकडून त्या दिवशी कोणताही जीव गेला नाही. पण व्याख्या मला सोडत नाही. चामडं टाळलं ते बरोबरच होतं, आजही टाळीन. पण अहिंसा मुठीच्या कव्हरपाशी सुरू करून तिथेच संपवली, ही माझी चूक.

पिठाच्या डब्यावर आपण तारीख लिहितो. केबलची मर्यादा कोणी लिहिते? मी लिहिली नव्हती. बारा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

कायदाही हेच सांगतो, हे मला नंतर कळलं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे सार्वजनिक जागी गाडी सोडून जाताना एकतर चालकाच्या जागी परवानाधारक माणूस बसलेला हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी काळजी घेतलेली हवी. मी इंजिन चालू ठेवून उतरले होते. फाटक उघडायला कितीसा वेळ लागतो, असा माझा हिशेब. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९६ मध्ये पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक या दोन स्वतंत्र आणि चांगल्या चालणाऱ्या यंत्रणा सांगितल्या आहेत. स्वतंत्र हा शब्द महत्त्वाचा. पायाचा ब्रेक अचानक गेला तर हाताशी राहतो तो हाच दांडा. त्याला शोभेची वस्तू समजून चालणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. हँडल बदलायचं तर कोणतं? माझं मत स्पष्ट सांगते, पटलं तर घ्या.

सर्वांत आधी, मूठ खरंच बदलायची गरज आहे का ते पाहा. तडा गेला असेल, बटण अडकत असेल, तर तुमच्या गाडीच्या मॉडेलचा कंपनीचाच भाग मागा. दिसायला साधा असेल, पण सळईची लांबी, बटणाची स्प्रिंग, खाच, सगळं त्या गाडीसाठी केलेलं असतं. बाहेरची मूठ बसते असं दुकानदार सांगतो, पण एक-दोन मिलिमीटरच्या फरकानेही बटण अर्धवट दाबलेलं राहू शकतं, आणि मग खटका दातात पूर्ण बसत नाही.

नुसतं कव्हर घालायचं असेल तर हरकत नाही. त्याने नोंदणी पुस्तकातलं काही बदलत नाही. (गाडीत मोठे फेरबदल करायला मात्र कलम ५२ मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं आहे.) पण कव्हर असं हवं, की ते मुठीवर फिरणार नाही, घसरणार नाही आणि बटणाच्या कडेला अडकणार नाही. आमच्या बीडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. बंद गाडीत दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा गोंद पातळ होतो आणि कव्हर हातात निघून येतं. अर्ध्या ओढीत मूठ हातात फिरली तर ब्रेक पुरता लागत नाही. शिवलेलं किंवा आवळून बांधलेलं त्या मानाने बरं. सिलिकॉनचा मोजा धूळ धरतो, पण महिन्यातून एकदा धुता येतो.

अ‍ॅल्युमिनियमची मूठ मी घेणार नाही. उन्हात उभ्या गाडीतली ती तव्यासारखी तापते. चटका बसला की हात आपोआप सुटतो, आणि नेमका तेव्हाच तो सुटायला नको असतो.

ते लाल ड्रिफ्टचं बटण तर घरातल्या तरुण मुलांनी हट्ट केला तरी आणू देऊ नका. शर्यतीत गाडी झटक्यात वळवायला हँडब्रेक क्षणभर ओढून लगेच सोडतात. तो दातात अडकून राहू नये, यासाठीच ते बटण केलेलं असतं. म्हणजे आपल्या हँडब्रेकचं जे एकमेव काम, अडकून राहणं, तेच ते काढून टाकतं. दीडशे-दोनशे रुपयांत मिळतं, दिसायला गोड असतं.

चामड्याबाबत, लेबलवर "कृत्रिम", "रेक्झिन", "पीयू" असं काही स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. नुसत्या "लेदर" शब्दापुढे-मागे शेपटं जोडलेली असतील तर विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर सोडून द्या.

माझ्यासारखा अंगठा दुखत असेल तर थोडी जाड मूठ खरंच सोयीची पडते, बारीक मुठीला बोटं जास्त आवळावी लागतात. पण मिस्त्रींनी मला दोन युक्त्या शिकवल्या, त्या कोणत्याही मुठीपेक्षा उपयोगी आहेत. एक, आधी पायाचा ब्रेक दाबून धरायचा आणि मग हँडब्रेक ओढायचा. गाडीही हलत नाही आणि हाताला जोरही कमी लागतो. दोन, सोडताना बटण नुसतं दाबायचं नाही. दांडा आधी किंचित वर उचलायचा, मग बटण दाबायचं. खटक्यावरचा ताण निघाला की बटण अलगद आत जातं. मी सहा वर्षं ताणलेल्या खटक्याशी अंगठ्याने कुस्ती खेळत होते. ही गोष्ट कळली असती तर कदाचित कव्हरची वेळच आली नसती.

आणि आता जे मूठ घेण्याआधी करायचं, ते. दांडा ओढताना बटण न दाबता टक्-टक् मोजा. किती यायला हवेत ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात दिलेलं असतं, गाडीगणिक वेगळं असतं. तुमचे त्याहून जास्त येत असतील, दांडा कोपरासारखा उभा होत असेल, किंवा अचानक हलका झाला असेल, तर गॅरेजला जा. तिथे नुसती केबल टाईट करून देतो म्हणाले तर थांबवा. आधी मागचे ड्रम उघडून शू बघायला सांगा. घासलेल्या शूवर केबल आवळली तर चार दिवस बरं वाटतं आणि आजार आत राहतो. महिन्यातून एकदा, साध्या उतारावर, मागेपुढे कोणी नसताना, पाय ब्रेकवर तयार ठेवून फक्त हँडब्रेकवर गाडी राहते का ते पाहा. पहिली तारीख ठरवून टाका, जशी गॅसच्या नळीची ठरवली आहे.

तरीही एकट्या हँडब्रेकच्या भरवशावर गाडी उतारावर सोडू नये. इंजिन बंद करून, तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. ज्यांच्याकडे एएमटी गाडी आहे त्यांनी जास्त जपावं, कारण अशा कित्येक छोट्या गाड्यांत मोठ्या ऑटोमॅटिकसारखा पार्किंगचा "पी" नसतोच.

आता चातुर्मास येतोय. आपण प्रवासाची मर्यादा घेतो, गाडी तीन-तीन आठवडे हलत नाही. अशा वेळी हँडब्रेक ओढून ठेवू नका. दमट हवेत शू ड्रमला चिकटून बसतात आणि मग गाडी जागची हलत नाही. सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना लाकडी ठोकळे लावून, हँडब्रेक सोडून ठेवा. आणि अधूनमधून चाकाखाली पाहा. पावसाळ्यात मांजरीची पिल्लं तिथेच येऊन बसतात.

यांना मी हे सगळं वाचून दाखवलं तर म्हणाले, "हे मिस्त्रीचं काम, तुला कशाला यात पडायचंय?" मलाही आधी तसंच वाटायचं. आपण बायकांनी सीट कव्हर निवडायचं, आरशाला माळ लावायची, बाकी पुरुष आणि मिस्त्री बघून घेतील. पण मिस्त्री तेवढंच बघतो जेवढं आपण सांगतो. बारा वर्षांत आम्ही गाडी दर वेळी ऑइल बदलायला नेली आणि त्याने ऑइल बदललं. दूधवाला पाणी घालतो का हे आपण नवऱ्यावर सोडत नाही. मग हे का सोडायचं? सूनबाई म्हणाली, "त्यापेक्षा बटणाचा हँडब्रेक असलेली नवीन गाडीच घ्या ना आई." घेऊ कधीतरी. पण ज्या घरांत जुनी छोटी गाडीच चालणार आहे, अशी घरं आपल्यात जास्त आहेत. आणि बटणाच्या मागेही शेवटी ब्रेकच असतो, तोही झिजतोच.

हिशेब लिहून ठेवला आहे. कव्हर तीनशे एकोणपन्नास. केबल, शू आणि मजुरी मिळून दोन हजार सातशे. बंपर अठराशे. कुंडीचे पैसे समोरच्यांनी घेतले नाहीत, म्हणून मी त्यांना नवीन जास्वंद आणून दिली. कॉमर्समध्ये भांडवली खर्च आणि महसुली खर्च वेगळे शिकवतात. दुरुस्ती हा महसुली, दरवर्षीचा, न चुकणारा. आम्ही घरात मात्र नवीन वस्तूचा खर्च आनंदाने करतो आणि दुरुस्तीचा खर्च पुढे ढकलतो. सातशे रुपयांची केबल वेळेवर बदलली असती तर बंपरचे अठराशे वाचले असते. त्या मुलाची किंमत या वहीत मांडता येत नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही कुंथलगिरीला गेलो. मांजरसुंब्याचा घाट चढून, चौसाळा मागे टाकून. कुलभूषण-देशभूषण मुनींची सिद्धभूमी, शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखना घेतली ती जागा. तिथे गेल्यावर मन शांत होतं, हे तुम्हाला सांगायला नको. पायथ्याशी चढाला गाडी उभी केली. पायाचा ब्रेक, मग हँडब्रेक, पाच आवाज मोजले. इंजिन बंद, पहिला गिअर. उतरले आणि चार पावलं जाऊन परत वळून पाहिलं. हे आधीच वर चढू लागले होते, म्हणाले, "चल गं, हलत नाही ती." मी म्हटलं, "माहीत आहे, तरी बघते." पुढच्या चाकाजवळ एक म्हातारे गृहस्थ सावलीला बसले होते. त्यांना म्हटलं, "बाबा, जरा पलीकडे बसता का?" ते हसून उठले आणि दोन हात लांब जाऊन बसले.

कव्हर अजून तेच आहे, करडं. चांगलं टिकलंय. उद्या सकाळी तुमच्या गाडीचे आवाज मोजा आणि किती आले ते मला कळवा. आणि केबल बदलली की तारीख लिहून ठेवा, पिठाच्या डब्यावर लिहितो तशीच.

जय जिनेन्द्र.